घोंगड्याखालचे दात

वैशाखातल्या उन्हात, अमरावतीच्या भर बाजारातून काळं घोंगडं पांघरून चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या पुऱ्याचा, म्हणजे आमच्या वस्तीचा, मापारी; धान्य मोजून देणारा. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला होतंच, पण ते पुऱ्यात कोणी घेत नसे, म्हणून मीही घेत नाही. आम्ही त्याला काकाजी म्हणत असू.

रस्त्यात रंगरेज चाचा भेटला की दोघांचं बोलणं ठरलेलं. चाचाचे हात कोपरापर्यंत निळे. तो थांबून विचारायचा, "क्यों मापारी, गर्मी नहीं लगती?"

"लगती हय. पर मी तिले लागू देत नाई."

"मर जायेगा एक दिन इसी कंबल में."

"मंग कफनाचा खर्च वाचला. अन् तुई नीळ बी वाचली."

दोघंही हसायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटतं, त्यातलं एक अक्षर जरी बदललं असतं तर दोघांनाही चुकल्यासारखं झालं असतं.

पुऱ्यातल्या मंडळींनी यंदा पुन्हा पेव, म्हणजे ज्वारीचं जमिनीतलं कोठार, काढायचं मनावर घेतलं आहे. जुन्या पेवाची हकीकत लिहून द्या, त्या वेळचे लिहिते-वाचते तुम्ही एकटेच उरलात, असं मला सांगण्यात आलं. मी लेखणी घेऊन बसलो तर पेवाच्या आधी हे घोंगडंच डोळ्यांसमोर आलं. आणि घोंगडं आलं की त्याखाली काय चालायचं तेही सांगावं लागेल. एकवीस वर्षं मी ते पुऱ्यात कोणाला सांगितलेलं नाही.

घोंगड्याचं कारण कोणी विचारलं तर काकाजी म्हणायचा, "ज्या कापसानं मानूस येडा केला, त्याले मी आंगावर घेत नाई."

वेड होतंच. समुद्रापलीकडे कुठेशी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. अमरावतीला म्हणा, अकोल्याला म्हणा, गाड्यांच्या रांगा वेशीबाहेर जात. वाऱ्यावर रुई उडायची, ताकात पडायची, पोरांच्या नाकात जायची. ज्याच्या घरी धड पितळी गडवा नव्हता त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. चार वावरं असणाऱ्यानं चारही वावरांत कापूस पेरला. ज्वारी काय, विकत मिळते, असं जो तो म्हणे. पेरणार कोण, हे मात्र कोणी विचारत नसे.

काकाजी विचारायचा. चांदीच्या शेंब्यांची बैलजोडी दिसली की तो गाडी अडवायचा आणि गाडीवानाला सोडून बैलाशीच बोलायचा. "का राजा, शिंग चाटून पोट भरते का तुयं? नाई भरत? मंग तुया धन्याले सांग नं." लोक खो खो हसत. गाडीवान शिव्या देई. काकाजी बैलाच्या पाठीवर थाप मारून पुढे जाई.

तो आधी धान्याच्या बाजारात मापारी होता. तिथून त्याला काढलं, त्याची गोष्ट पुऱ्यात म्हाताऱ्या माणसांना अजून पाठ आहे. एका सेठजीनं त्याच्या हातात, धान्य विकताना मोजायची म्हणून, निराळी पायली दिली. काकाजीनं ती उलटी करून बुडाशी नख लावलं, तर आतून लाखेचा जाड थर निघाला. तो काही बोलला नाही. पायली टोपीसारखी डोक्यावर घातली आणि बाजारभर फिरला. "पाहा हो, सेठजीची टोपी पाहा! वरून मोठी, आतून लहान! कोनाच्या डोक्याले बसते ते पाहा!" संध्याकाळपर्यंत पोरांचा घोळका त्याच्या मागे. दुसऱ्या दिवसापासून बाजारात त्याला काम नाही. तो आमच्या पुऱ्यात आला आणि पेवाचा मापारी झाला.

पेव ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या जमिनीत पेव काढता येत नाही, ती भेगाळते. गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खोल खड्डा घ्यायचा, तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र मोठं. आतून कडबा लावायचा, कडुनिंबाचा पाला घालायचा, ज्वारी ओतायची, वर शिळा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. आमचं पेव परकोटाच्या भिंतीलगत होतं. पुऱ्यातल्या चाळीसेक घरांचं एकच. ज्वारी निघाली की प्रत्येक घरानं आपला वाटा ओतायचा, आणि मिरग लागायच्या आठ दिवस आधी उघडून पावसाळ्यापुरती न्यायची. ज्याला एखाद्या साली ओतायला जमलं नाही त्यालाही मिळे. पुढच्या साली त्यानं तेवढी परत करायची, आणि व्याज म्हणून घरातल्या सगळ्यांत लहान लेकराच्या ओंजळीनं एक ओंजळ. सावकार दिढीनं घेत असताना हे व्याज काकाजीनं ठरवलं होतं. लेकराची ओंजळ पेवावर रिकामी होताना तो घोंगडं सावरून वाकायचा आणि म्हणायचा, "सांडू नोको बाप्पा, व्याज हाय ते."

एक कायदा मात्र कडक. पेव उघडलं की पुरतं रिकामं करायचं. वारा लागला की दाणा किडतो. म्हणून मधेच कोणाला गरज लागली, भाव चढला, लग्न निघालं, काही झालं तरी उघडायचं नाही. उघडलं तर सगळ्यांसाठी, नाहीतर कोणासाठीच नाही.

मोजताना तो 'एक' म्हणत नसे. पहिल्या पायलीला आमच्याकडे लाभ म्हणतात. मुसलमानांच्या घरची ज्वारी असली की काकाजी बरकत म्हणायचा. एकदा त्यानं पाटलाच्या घरच्या ज्वारीला "बरकत" म्हणून आवाज दिला. पाटील चिडले, तेव्हा म्हणाला, "पेवात पडली का दोघीची सोयरीक होते, पाटील. आता निवडून काढता का?"

हे सगळं पुरा अजून सांगतो. पुढचं मला सांगायचं आहे.

ज्वारी ओतण्याआधी ती वाळली आहे की नाही हे दातानं पाहायचं असतं. दाणा दाढेखाली धरायचा. वाळलेला असला तर कट्‌ असा स्पष्ट आवाज येतो. ओला असला तर नुसता दबतो. ओल असलेली दोन-चार पोती आत गेली तर बंद पेवात ती तापतात, आणि शेजारच्या ज्वारीलाही घेऊन जातात. काकाजी म्हणायचा, "वायला दाना बोलते. ओला चूप बसते. चूप बसनाराची भीती." मापाऱ्याची खरी किंमत त्याच्या पायलीत नसते, दाढेत असते.

एका सकाळी त्यानं मला घरी बोलावलं, दार लावलं आणि तोंड उघडलं. पुढचे दात मोत्यासारखे. मागे दोन्ही बाजूंना नुसत्या हिरड्या. पातूरकडच्या कोण्या वैदूकडे जाऊन त्यानं दोन उन्हाळ्यांत एकेक करून दाढा काढून घेतल्या होत्या. पुऱ्याला पत्ता नव्हता.

"लोकाईले कळलं तं म्हनतील, दाढा गेल्या अन् मापारी गेला."

"मग सोडा माप, काकाजी."

"सोडतो. कोनाले देऊ? तुले?"

मी तेव्हा तिशीतला, एका कापसाच्या सेठजीकडे तोलाईवर गुमास्ता. दिवसभर कापसाचं वजन करून संध्याकाळी ज्वारीच्या पेवाचं माप धरणं मला हास्यास्पद वाटलं असतं.

"मायं ऐक," तो म्हणाला. "माप मी धरतो. दाढा तुया. लग्नात तू अख्खी सुपारी फोडली होती, मी पायलं होतं."

त्या वर्षापासून पेव भरताना घोंगड्याचा तंबू होऊ लागला. काकाजी लोकांना सांगायचा, इथं लई गलबला हाय, दान्याचा आवाज ऐकू येत नाई. मग तो नमुना घेऊन घोंगडं डोक्यावरून ओढून घ्यायचा, आणि नमुन्याची सुपली धरायला म्हणून मी आत. आत अंधार, लोकरीचा वास, आणि त्याचा कान माझ्या गालाला लागलेला. मी दाणा फोडायचो. तो बाहेर तोंड काढून "लाभ!" नाहीतर "वाळवून आना!" असं ओरडायचा. लोकांना वाटे, काय म्हाताऱ्याची दाढ आहे! घोंगडं आधी आलं की दाढा आधी गेल्या, मला कधी नीट कळलं नाही. कापसाचा राग खराच होता. पण घोंगड्याचा उपयोगही होता.

ज्या सालाबद्दल मला सांगायचं आहे त्या साली मीही माझ्या वलगावच्या वाटेवरच्या दोन्ही वावरांत कापूस पेरला होता. आलेला पैसा आणि बायकोच्या पाटल्या सेठजीकडे कापसाच्या वायद्यात लावल्या होत्या. पेवात ओतायला घरात ज्वारी नव्हती. नव्हती, तर नाही म्हणायचं होतं. लेकराच्या ओंजळीएवढं व्याज होतं. पण पेवाच्या मापाऱ्याबरोबर घोंगड्यात बसणारा मी, आणि माझाच वाटा नाही, हे मला सांगायला लाज वाटली. बाजारात ज्वारी महाग. सेठजीच्या गोदामात पौषातल्या अवकाळीनं भिजलेली चार पोती पडून होती. तो म्हणाला, "ले जाओ भाई, सस्ते में." मी आणली.

बायकोनं पोत्यात हात घातला आणि लगेच काढला. "अवो, हिले वास येते. दोन रोज उन्हात तं टाका."

"उद्या पेव लिंपणार आहेत."

"मंग नोका देऊ."

"चाळीस घरांच्या ज्वारीत चार पोती काय कळतात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चुलीकडे वळली. आमचं बोलणं एवढंच झालं. पुढे त्यावर ती कधीच बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं मला सहन करावं लागलं. तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या आधी रंगरेज चाचाच्या घरची ज्वारी पडली. खणखणीत वाळलेली. तिचा दाणा फोडताना आणखी एक दाणा मी गालात ठेवला. मग माझी पोती आली. काकाजीनं घोंगडं ओढलं, कान माझ्या गालाला लावला.

"काय म्हनते तुई जवारी?"

मी चाचाचा दाणा फोडला. कट्‌.

काकाजीनं तोंड बाहेर काढलं आणि ओरडला, "लाभ!"

माझी चार पोती आत गेली. कोणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतंच, ते ऐकण्याचं काम होतं, आणि ऐकणारा एकटाच होता.

चैत्रात ज्वारीचा भाव इतका चढला की माझे सेठजी स्वतः गाड्या घेऊन पेवापाशी आले. पुरा जमला. सेठजीनं थैलीतून रुपये काढून शिळेवर रचले. "जे मागाल ते देतो. आजच उघडा."

लोकांच्या माना पुढे झाल्या. काकाजी शिळेवर बसला होता. त्यानं एक रुपया उचलला, उन्हात धरून पाहिला.

"सेठजी, हा रातभर भिजत घाला. सकाळी फुगला तं आमच्या घरी पाठवा, भाकर करू."

हशा झाला. तेव्हा मी पुढे झालो. विकून टाका म्हणून त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं बोललो तो मी. भाव पुन्हा असा येणार नाही, पैसा हाती असला की ज्वारी केव्हाही घेता येते, असं बरंच. सेठजीला वाटलं, गुमास्ता निमकहलाल आहे. लोकांना वाटलं, शिकलेला माणूस आहे. माझ्या मनात एकच होतं, की पेव आज रिकामं झालं तर माझी चार पोती तापायच्या आत निघून जातील आणि मी सुटेन.

काकाजीनं मला जवळ बोलावलं. हळू विचारलं, "तुले काहून एवढी घाई झाली, बाप्पा?"

"भाव पाहा ना, काकाजी."

"मी पोट पाहून राहिलो." मग तो उठून उभा राहिला. "ज्याले पेव इकाचं असंन त्यानं या शिळेवरून मले उतरवावं. मी काई हलका नाई. घोंगड्यासगट उचला."

कोणी उचललं नाही. सेठजीच्या गाड्या रिकाम्या गेल्या. मला त्या वेळी काकाजीचा विलक्षण राग आला. आणि त्याच वेळी असंही वाटलं की आता सांगावं. आत्ता. या सगळ्यांसमोर. मी घरी गेलो.

पुढे महिना-दीड महिन्यात बातमी आली की समुद्रापलीकडची लढाई थांबली. भाव कोसळले, ते आमच्या डोळ्यांसमोर. आज ज्या कापसासाठी गाडीवान एकमेकांच्या डोक्यात काठ्या घालत होते तो उद्या बाजारात टाकून जाऊ लागले. शेंब्या मोडीत निघाल्या. माझे सेठजी एक दिवस दुकानाला कुलूप घालून गेले, त्यांच्याबरोबर माझा वायदा आणि बायकोच्या पाटल्या. घराघरांत पैसा नाही, घराघरांत ज्वारी नाही. पण पुरा घाबरला नाही. बायका एकमेकींना म्हणत, पेव हाय नं. काकाजी रस्त्यानं चालला की लोक उठून उभे राहत. त्यानं तेवढे थोडे दिवस मान भोगला. मला ते पाहवत नसे.

मिरगाच्या आधी पेव उघडलं. शिळा सरकवली तसा आतून ऊन वाफेचा लोट आला. ताडी आंबावी तसा वास. उघडल्यावर आत दिवा सोडायचा असतो. तो विझला तर आत हवा खराब, उतरलेला माणूस मरतो. दिवा सोडला, विझला. तासाभरानं सोडला, विझला. तिसऱ्यांदाही विझला. दुपार झाली तरी कोणी घरी गेलं नाही. बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. अखेर दिवा टिकला आणि काकाजी दोर धरून उतरला.

तो पेव भरताना रोजच्या रोज ज्वारीवर निंबाच्या पाल्याचा एक थर द्यायचा. कोणाच्या घरची ज्वारी कोणत्या थरात आहे, कोणाआधी आणि कोणानंतर, सगळं त्याच्या डोक्यात. वर उभे राहून आम्हाला त्याचं घोंगडंच दिसत होतं. तो वाकून उकरत होता. वरच्या थराला, म्हणजे शेवटच्या दिवशीच्या ज्वारीला, काळी बुरशी. त्याखाली ज्वारीच्या ढेपी. आणखी खाली, निम्म्याच्याही खाली, चांगली ज्वारी. मग तो पुन्हा वरच्या थराकडे आला. शेवटच्या दिवशी जिथे माझी पोती पडली होती, बरोबर तिथून त्यानं मूठभर काळा लगदा उचलला आणि वर पाहिलं. वर तीसचाळीस डोकी होती. त्यानं माझ्याकडेच पाहिलं.

मी सांगतो, त्या नजरेत दया नव्हती. कोणी असं समजू नये.

तो वर आला. लगदा शिळेवर टाकला. "निम्मं पेव सडलं," तो म्हणाला. "दाढ चुकली. माई."

मग जो गलका झाला तो सांगता येत नाही. म्हातारा बहिरा झाला, कोणी म्हणालं. सेठजीकडून पैसे खाल्ले, कोणी म्हणालं. त्याला मोकळं व्हायला तोंड उघडायचाच अवकाश होता. तोंड मोठं उघडून हिरड्या दाखवायच्या, की पाहा, मला दाढाच नाहीत, मग चावलं कोणी? तेवढ्यानं सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं असतं. त्यानं ओठ घट्ट मिटले. जन्मभर बडबडलेला माणूस.

मी उभा होतो. माझ्याही तोंडात बत्तीस दात होते आणि एकाचाही आवाज आला नाही.

मग दुसरं भांडण उठलं. उरलेली ज्वारी वाटायची कशी? ज्यांनी जास्त ओतली ते म्हणाले, ओतल्याप्रमाणे द्या. काकाजीनं पायली उचलली आणि पेवाच्या तोंडावर पाय रोवून उभा राहिला.

"खानारी तोंडं सांगा. घरात तोंडं किती तेवढंच सांगा. ओतली किती ते मले आता ऐकू येत नाई, मी बहिरा झालो म्हनता नं!"

"तू कोण ठरवणार, चोरा?" एकजण काठी घेऊन धावला.

"मार. पर पायली भरल्यावर मार. आता हात मोकळा नाई माया."

त्यानं हात वर केला नाही, मान वळवली नाही. पायली भरली, फळीनं सपाट केली, ओतली. "लाभ." पुन्हा भरली. काठीवाला तसाच उभा राहिला आणि मग काठी टेकून रांगेत लागला. दोन दिवस वाटप चाललं. माझ्या घराची पाळी आली तेव्हा त्यानं विचारलं, "तोंडं?" मी म्हणालो, "चार." त्यानं चार तोंडांची ज्वारी मोजली. ना कमी, ना जास्त. मी ती घरी नेली आणि आम्ही ती खाल्ली.

ती सगळ्यांना पुरली नाही. सुताराच्या घरी नऊ तोंडं होती. त्यांनी सडलेल्यातली ज्वारी धुऊन, वाळवून दळली. अजूनही काही घरांनी तेच केलं. त्या पावसाळ्यात सुताराच्या घरची दोन माणसं गेली, तो स्वतः आणि त्याचा धाकटा पोरगा. पटकीनं गेली, असं म्हणतात. मीही तसंच म्हणत आलो.

काकाजीनं पुरा सोडला. पेव मातीनं बुजवलं.

दोन वर्षांनी अकोल्याच्या बाजाराच्या कामानं गेलो असता मी मुद्दाम पातूरपर्यंत गेलो. गावाबाहेर कुंभारांच्या वस्तीत तो भेटला. तेच घोंगडं. पाचसात घरांचं एक लहानसं पेव त्यानं तिथे काढलं होतं आणि कुंभाराच्या एका म्हातारीला दाणा चावायला बसवलं होतं. उघड्यावर, सगळ्यांसमोर. मला पाहून त्यानं बस म्हटलं नाही.

मी सगळं सांगितलं. गालातल्या दाण्यासकट.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "थर बोलते."

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुले वाचवलं असं समजून राहिला का तू?" तो केवढ्यानं तरी हसला. "अरे, दाढा मी उसन्या घेतल्या. लपून घेतल्या. उसन्याची वस्तू हातात आली का ती घेनाऱ्याची. चुकली तं माई चुकली. मायं मी भरलं, चारचौघात भरलं. अन् पाय, मेलो नाई. दुसरं पेव काढलं."

"मला माफ करा, काकाजी."

"माया काय पोटात गेली ती जवारी? ज्याईच्या पोटात गेली त्याईले माग." मग घोंगडं खांद्यावर ओढत म्हणाला, "तुयं तू पाय. मले काहून इचारतं?"

त्यानं पाणीही विचारलं नाही. मी परत आलो आणि कोणाकडेही काही मागितलं नाही. एकवीस वर्षांतली एकोणीस मी ते वाक्य बरोबर घेऊन हिंडलो. मधे लेकरांची लग्नं केली, तोलाई सोडून मास्तरकी केली, पुऱ्यात चार माणसांत बसायची जागा मिळाली. तो गेल्याचं गेल्या दिवाळीत पातूरकडच्या एका गाडीवानानं सांगितलं.

गेल्या रविवारी पाराजवळ बैठक झाली. बोलता बोलता एकजण सहज म्हणाला, "पेव काढू, पण मापाऱ्यानं बुडवलं तसं नको." सगळ्यांनी माना हलवल्या. मी हे कागद काढले आणि वाचायला लागलो. गालातल्या दाण्यापर्यंत आलो तेव्हा बायकांच्या बाजूला कोणीतरी उठलं. सुताराची लेक. तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. आता तिची लेकरं मोठी आहेत.

"थांबा मास्तर. माया मायनं त्या मानसाले शिव्या देल्या. मरेस्तोवर देल्या, रोज सकाळी, चूल पेटवताना. मी बी देल्या. त्या आता कोनाच्या?"

"माझ्या," मी म्हणालो.

"मंग घ्या."

आणि तिनं द्यायला सुरुवात केली. आईच्या, आजीच्या, तिच्या स्वतःच्या. भावाचं नाव घेऊन दिल्या, बापाचं नाव घेऊन दिल्या. पंचांतला एकजण तिला आवरायला उठला, मी त्याला हातानं बसवलं. ती बराच वेळ बोलली. मधे रडली, पुन्हा बोलली. एकही ठेवली नाही. मी उभा राहून ऐकल्या.

ती खाली बसली तशी मंडळी चुळबुळ करू लागली. म्हातारे पाटील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, झालं ते झालं. हकीकतीत एवढंच ठेवा, की ओली ज्वारी पडली अन् पेव सडलं. कोणाची ते कशाला? तुमी जिवंत हाय, तुमच्या लेकीबाळी नांदून राहिल्या. तो तं बिचारा गेला."

मी घरी आलो आणि हकीकत स्वच्छ अक्षरात उतरून काढली. पाटलांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं घेतलं आहे, ओली ज्वारी पडली आणि पेव सडलं. त्याच्या पुढे माझं नाव लिहिलं आहे, बापाच्या नावासकट, आणि लिहिलं आहे की ज्वारी माझी होती.